अस्सल आणि नक्कल

प्रश्न : मी मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. गेली चार वर्षं उन्हाळ्यात मुलीकडे ओरेगन राज्यात, हिल्सबरोला येऊन राहतो. जावयांनी त्यांचं जुनं गार्मिन कंपनीचं एट्रेक्स 30 हे हातात धरायचं जीपीएस यंत्र मला दिलं आणि नातीच्या संगतीने जिओकॅशिंगचा नाद लागला. आता अडचण अशी, की यंत्रात दीडएक हजार डब्यांची यादी साठली आहे. काही आम्हाला सापडलेले, काही जावयांनी कधीकाळी भरून ठेवलेले, काही तर जागेवरच नाहीत. मागच्या रविवारी एका पुलाखाली आम्ही दोघं पाऊण तास धुंडाळत होतो. घरी येऊन पाहिलं तर तो डबा केव्हाच रद्द झालेला. नात हिरमुसली. मी यंत्रात एकेका डब्याचं पान उघडून पाहिलं, पण पुसायचं बटण काही मिळालं नाही. साठवलेले डबे एकेक करून काढायचे कसे? आणि या यंत्रात एकूण किती मावतात?
ता. क. – ऑक्टोबरात नाशिकला परततो आहे. यंत्र बरोबर आणलं तर विमानतळावर काही त्रास होईल का?
– एक वाचक, सध्या मुक्काम हिल्सबरो

उत्तर : काका, बटण तुम्हाला मिळालं नाही, कारण एट्रेक्स 30 वर ते ठेवलेलंच नाही. आपण स्वतः टिपलेली एखादी खूण यंत्रावरच पुसता येते. फाइलीतून आत आलेला जिओकॅश मात्र एकेकटा काढता येत नाही. काढायची ती अख्खी फाइल, आणि तीही यंत्र संगणकाला जोडून. असं का, हे एकदा लक्षात आलं की बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम खोट मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला आपली जागा शंभर मीटरपर्यंत चुकीची दिसे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने 2 मे 2000 रोजी ती खोट काढली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या संगणक सल्लागारांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक टिनही होता. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा, एवढाच नियम. माइक टीग यांना ती बादली सर्वांत आधी सापडली. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यावर 75 डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून जास्त आहेत. ती पहिली जागा तुमच्या हिल्सबरोहून गाडीने साधारण तासाभरावर आहे आणि तिथे आता स्मरणफलक बसवला आहे. नातीला एकदा अवश्य घेऊन जा. अल्मर यांनी ती बादली अर्धी मातीत पुरली होती; आजच्या नियमांत जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा ठेवण्यासाठी खणायला मनाई आहे, हेही तिला तिथेच दाखवता येईल.

(मी ‘डबा’ म्हणते आहे ते मुद्दाम. ‘कॅश’ लिहिलं की आपल्या डोळ्यांपुढे रोख रक्कम उभी राहते. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवणं. आपल्याकडे धान्य लपवायचं ते पेव. त्याच जातीची ही वस्तू.)

आता यंत्राकडे वळू. तुम्ही मोजणी खात्यातले, म्हणून तुमच्याच दप्तरातलं उदाहरण घेते. सातबाऱ्याची मूळ नोंद सरकारी दप्तरात असते आणि शेतकऱ्याच्या पिशवीत असते ती नक्कल. नकलेवरची एक ओळ पेनने खोडली म्हणून दप्तरातलं नाव कमी होत नाही. फेरफार झाला तर नवी नक्कल काढायची आणि जुनी बाजूला करायची. डब्यांची यादीही तशीच. त्यांचं दप्तर आहे सिएटलला, त्या संकेतस्थळाच्या संगणकावर. तुमच्या यंत्रात आहे ती एका विशिष्ट दिवशी काढलेली नक्कल, आणि ती जीपीएक्स नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेली असते. एका फाइलीत एक डबा असू शकतो, तसेच हजारही असू शकतात. यंत्र चालू होताना सगळ्या फाइली वाचतं आणि त्यातून यादी मांडतं. फाइलीत मधूनच एक डबा खोडायचं काम त्याच्याकडे दिलेलंच नाही.

पुलाखालची फजिती इथूनच झाली. एखादा डबा चोरीला गेला किंवा मालकाने उचलला, की तो दप्तरातून रद्द होतो. रद्द झालेला डबा नव्या यादीत येत नाही. पण तुमच्या यंत्रातली जुनी फाइल तशीच पडून असेल, तर त्या फाइलीच्या लेखी तो डबा अजून पुलाखालीच आहे. नुसती नवी यादी भरून उपयोग होत नाही, कारण यंत्र जुनी आणि नवी दोन्ही वाचतं. म्हणून यादी ताजी करायची म्हणजे भर घालायची नव्हे. जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवायची.

तेव्हा एकेक डबा पुसायचा विचार सोडा आणि सरळ सगळ्या जुन्या फाइली काढा. पण काका, त्याआधी माझं एक ऐका. यंत्रात काय अस्सल आहे आणि काय नक्कल, हे पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नका. हे मी सोसून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी माझं यंत्र असंच फुगलं होतं. मी जीपीएक्सचा फोल्डर उघडला, सगळं एकदम निवडलं आणि उडवलं. डबे गेले, ते परत मिळाले. पण त्याच फोल्डरमध्ये जीवधन गडाच्या माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यांच्या खुणा होत्या. कुठल्या टाक्यात मार्चअखेर पाणी असतं, कुठलं आटलेलं असतं, हे दोन उन्हाळे फिरून मी टिपलं होतं. त्या खुणा जगात फक्त त्या यंत्रात होत्या. दप्तरच नसलेल्या कागदाची नक्कल कुठून काढणार? पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नाणेघाटातून वर चढले, तेव्हा अर्ध्या खुणा परत मिळाल्या.

यंत्र जोडलं की संगणकावर पेनड्राइव्हसारखं दिसतं. (तुमच्या एट्रेक्सला जुन्या पद्धतीची मिनी यूएसबी केबल लागते. नुसती चार्जिंगची केबल लावली तर पडदा उजळेल, पण फोल्डर दिसणार नाहीत. कित्येक जण इथेच यंत्र बिघडलं असं समजतात.) आत ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘जीपीएक्स’. तिथे तीन तऱ्हेच्या वस्तू मिळतील. एक, नावात नुसते आकडे असलेल्या किंवा आकड्यांपुढे एखादं नाव जोडलेल्या फाइली. जावयांनी भरलेले डबे बहुधा यांतच असतील. दोन, ‘वेपॉइंट्स’ आणि पुढे तारीख अशा नावाच्या फाइली. या तुम्ही स्वतः टिपलेल्या खुणा. तीन, ‘करंट’ आणि ‘आर्काइव्ह’ हे फोल्डर. यांत तुमच्या चालण्याच्या वाटा असतात. दुसरी आणि तिसरी तऱ्हा अस्सल आहे. ती आधी संगणकावर उतरवून घ्या आणि यंत्रातही तशीच राहू द्या.

चौथी एक अस्सल फाइल ‘जीपीएक्स’च्या बाहेर, ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये एकटीच बसलेली असते. तिचं नाव ‘जिओकॅश व्हिजिट्स’. सर्वांत जास्त जपायची ती हीच. डब्याजवळ उभं राहून तुम्ही यंत्रात ‘सापडला’ किंवा ‘सापडला नाही’ असं नोंदवता ना, तो प्रत्येक प्रयत्न इथे एका ओळीत उतरतो. मोजणीदाराची फील्डबुकच म्हणा. उघडून पाहिलीत तर आधी ‘जीसी’ने सुरू होणारा डब्याचा क्रमांक, मग तारीख आणि वेळ, मग सापडला की नाही ते, आणि शेवटी अवतरणचिन्हांत तुमचा शेरा, लिहिला असेल तर. वेळ जागतिक वेळेने लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवा. तुम्ही 15 जुलैला रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी डबा उघडलात (ओरेगनात तेव्हा उजेड असतो), तर फाइलीत 16 जुलै, पहाटे तीन चाळीस असं दिसेल. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ जागतिक वेळेच्या सात तास मागे असतं, म्हणून. कुणी तारीख चुकवली असं समजून ती ओळ सुधारू नका. ही फाइल संकेतस्थळावर चढवली की तिचे कच्चे मसुदे होतात. मसुदा पक्का करताना तारीख एकदा नजरेखालून घाला आणि दोन वाक्यं लिहा. नातीला लिहू द्या. डबा ठेवणारा माणूस ती वाचायला उत्सुक असतो. त्याला या सगळ्या खटाटोपाचा मोबदला म्हणून मिळतात त्या या चार ओळीच.

हे सगळं सुरक्षित झालं की आकड्यांच्या नावाच्या फाइली बिनघोर काढा. एट्रेक्स 30 मध्ये बॅटरीखाली मायक्रो एसडी कार्डाची खाच असते. कार्ड असेल तर त्यावरही हाच ‘गार्मिन’ आणि त्यात ‘जीपीएक्स’ असा संसार मांडलेला असू शकतो. तिथे पाहायचं विसरलात तर काढलेले डबे पुन्हा दिसतील आणि तुम्ही चक्रावून जाल. अ‍ॅपलचा संगणक असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे फाइल काढली तरी ती यंत्रातल्याच एका लपलेल्या कचराकुंडीत जाते आणि जागा अडवून बसते. यंत्र जोडलेलं असतानाच कुंडी रिकामी करा. शेवटी संगणकाला ‘काढतो आहे’ असं सांगूनच केबल उपसा. अर्धवट लिहिलेली फाइल हे यंत्र रुसून बसण्याचं नेहमीचं कारण आहे. चालू करताना पट्टी अर्ध्यावर अडकून यंत्र पुढे सरकत नाही. म्हणूनच डब्यांची फाइल मी यंत्राच्या पोटात न ठेवता कार्डावर ठेवते. अडकलंच तर कार्ड काढायचं, की यंत्र पुन्हा चालू होतं. रानात, संगणक हाताशी नसताना, या सोयीची किंमत कळते.

आता नवी नक्कल काढू. संकेतस्थळावर ‘पॉकेट क्वेरी’ नावाची सोय आहे. ती पैसे भरलेल्या सभासदांनाच मिळते. एका यादीत जास्तीत जास्त हजार डबे येतात आणि ते कसे गाळायचे हे आपण ठरवतो. ‘मला न सापडलेले’ आणि ‘सध्या चालू असलेले’ या दोन खुणा तर केल्याच पाहिजेत. इथे तुमच्या घरातला एक घोळ मला दिसतो आहे. यादी जावयांच्या खात्यातून काढली असेल, तर ‘मला’ म्हणजे जावयांना. त्यांना 2014 मध्ये सापडलेला डबा तुमच्या यादीत येणारच नाही आणि तुम्हाला काल सापडलेला पुन्हा येईल. ‘सापडलेलेच परत परत समोर येतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. तुमचं आणि नातीचं मिळून एक वेगळं खातं उघडा. दोघांनी मिळून एक टोपणनाव ठेवा. डब्यातल्या वहीत तेच लिहायचं असतं.

यादी मागवली की एका गठ्ठ्यात दोन फाइली येतात. एकीत डबे, दुसरीत त्यांच्या जोडजागा, म्हणजे गाडी लावायची जागा, पायवाटेचं तोंड, टप्प्याटप्प्याच्या डब्यांचे मधले मुक्काम. दुसरी फाइल निरुपयोगी समजून टाकू नका. जंगलात गाडी कुठे लावायची हे तीच सांगते. यादीला नाव देताना जागा आणि महिना दोन्ही घाला. ‘फॉरेस्ट पार्क जुलै’ असं नाव असलेली फाइल सप्टेंबरात काढायची, हे कुणीही सांगेल. नुसत्या सात आकड्यांच्या फाइलीपुढे सगळेच अडखळतात. तुमचे दीड हजार असेच साठले असणार.

कोड्याचे डबे असतात त्यांचं थोडं निराळं आहे. त्यांच्या पानावर दिलेली जागा खरी नसते. कोडं सोडवलं की खरे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि खरी जागा त्या फसव्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरांच्या आतच असते. उत्तर मिळालं की ते वहीत लिहून थांबू नका. संकेतस्थळावर त्या डब्याच्या पानावरच आपल्यापुरते दुरुस्त आकडे भरा. त्यानंतर काढलेल्या यादीत डबा आपोआप खऱ्या जागी येतो. नाहीतर यंत्र तुम्हाला इमानदारीने एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये नेऊन उभं करेल.

किती मावतात, हे तुम्ही विचारलंत. स्वतः टिपलेल्या खुणांची मर्यादा एट्रेक्स 20 आणि 30 मध्ये 2,000 आहे. डब्यांचा हिशेब वेगळा चालतो आणि तोही हजारांतच जातो. पुढच्या काही यंत्रांत तर अडीच लाख डबे कंपनीनेच भरून दिलेले असत. पण काका, हा आकडा तुमच्या कामाचा नाही. एका रविवारी आजोबा आणि नात मिळून सात-आठ डबे पाहतील. त्यासाठी पन्नास डब्यांची यादी पुष्कळ झाली. यादी लहान असली की यंत्र लवकर चालू होतं, नकाशावर खुणांची गर्दी होत नाही आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती आठवड्याभरातली ताजी असते. माझ्याकडे सगळ्या डब्यांचा साठा घरच्या संगणकावर एका जागी असतो. त्यातून त्या दिवसापुरता उतारा काढते, घेऊन जाते, परत आले की व्हिजिट्सची फाइल उतरवते आणि उतारा काढून टाकते. यंत्रात काही मुरू देत नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक सवय लावून घ्या. यादीतल्या प्रत्येक डब्यासोबत शेवटच्या पाच जणांच्या नोंदीही आलेल्या असतात आणि त्या यंत्रावर वाचता येतात. लागोपाठ तिघांनी ‘सापडला नाही’ लिहिलं असेल, तर त्या डब्यावर नातीची आशा लावू नका. पाचही जणांना सापडला असेल, तर पुलाखाली पाऊण तास घालवायला हरकत नाही.

*

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण गटात एकाने रतनगडाच्या वाटेची आणि पाणवठ्यांची जीपीएक्स फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी ती एट्रेक्समध्ये टाकली. पण जिओकॅशच्या यादीत काहीच दिसत नाही. फाइल बिघडली आहे का? आणि गटातली दुसरी एक मैत्रीण म्हणते, की तिच्या जुन्या कागदी नकाशावरून काढलेले आकडे यंत्रात भरले तर जागा हमखास चुकते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. जीपीएक्स हा नुसता कागद आहे. त्यावर काय लिहिलंय त्यानुसार यंत्र ते वेगवेगळ्या कप्प्यांत लावतं. डब्याची नोंद असेल तरच ती जिओकॅशच्या कप्प्यात जाते. साधी खूण असेल तर ती वेपॉइंट मॅनेजरमध्ये आणि चाललेली वाट ट्रॅक मॅनेजरमध्ये मिळेल. तिथे पाहा. वेपॉइंट मॅनेजरमधली खूण मात्र यंत्रावरच एकेक करून पुसता येते, बदलता येते. फक्त रीसेटच्या पानावर सगळ्या खुणा एकदम पुसायची जी ओळ आहे, तिच्याजवळ ओल्या बोटांनी जाऊ नका.

तुमच्या मैत्रिणीच्या तक्रारीची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही मी पाहिली आहेत. पहिलं लिहिण्याच्या पद्धतीचं. डब्यांचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, फोनचे नकाशे बहुधा नुसत्या दशांश अंशांत देतात. 18 अंश 30 मिनिटं म्हणजे 18.5 अंश. कुणी ते 18.3 असं भरलं की जागा बावीस किलोमीटर सरकते. पद्धत जुळली की मग बारकावा फार चांगला मिळतो. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत 1.85 मीटर, एका माणसाच्या उंचीएवढा.

दुसरं कारण नकाशाच्या पायाचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या मापावर आखलेले आहेत. जीपीएस मोजतं ते डब्ल्यूजीएस 84 वर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाचे आकडे दुसऱ्यात भरले तर सह्याद्रीत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. पठारावर त्याने फारसं बिघडत नाही. रतनगडाच्या कड्यावर शंभर मीटर म्हणजे काय, हे तुम्हा गडकऱ्यांना मी काय सांगावं! जुन्या नकाशावरून आकडे घेताना यंत्राच्या सेटिंगमध्ये नकाशाचं माप त्या नकाशाचंच ठेवा, भरून झालं की पुन्हा डब्ल्यूजीएस 84 वर या. आणि परत आलात हे तपासल्याशिवाय घर सोडू नका.

*

आता हिल्सबरोच्या काकांचा ताजा कलम. एट्रेक्स 30 हे नुसतं ऐकणारं यंत्र आहे. उपग्रहांचा संदेश घेतं, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं वेगळी, आणि ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. गार्मिनचीच ‘इनरीच’ जातीची यंत्रं त्यात येतात. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांच्या सामानात अशी यंत्रं सापडली आणि त्यांच्यावर कारवाई झाली. गंमत म्हणून घेतलेली वस्तू पोलीस ठाण्यापर्यंत घेऊन जाते. दोन्ही प्रकारची यंत्रं दिसायला सारखी असू शकतात आणि नावातही एखाद्या अक्षराचाच फरक असतो. जीपीएसमॅप 66 एस नुसतं ऐकतं, 66 आय निरोप पाठवतं. म्हणून जावई कौतुकाने नवं यंत्र देऊ लागले, तर मॉडेलचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय ते पेटीत भरू नका. तुमचं एट्रेक्स आणायचं तर निघण्यापूर्वी सध्याचा नियम विचारून घ्या. बॅटऱ्यांसकट हातसामानात ठेवा आणि विचारलं तर चालू करून दाखवा.

निघण्यापूर्वी ओरेगनची यादी काढून टाका, व्हिजिट्सची फाइल मुलीच्या संगणकावर उतरवा आणि तिची एक प्रत स्वतःला ई-मेल करा. नाशिकला पोचल्यावर यंत्र पहिल्यांदा लावाल तेव्हा ते बराच वेळ ‘उपग्रह शोधतो आहे’ असंच दाखवत राहील. काही बिघडलेलं नसेल. त्याला शेवटची आठवण हिल्सबरोची असते आणि डोक्यावरचं आकाश एकदम निराळं असतं. घरात घेऊन बसू नका. गच्चीवर, कठड्यापासून दूर, आकाश चहूकडे मोकळं दिसेल अशा जागी ठेवा आणि पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका.